सर्व्हर पडला तरी हिशेब पडू नये

 

“सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.” हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकीनं ऐकलंय. रेशन दुकानात अंगठा लागत नाही तेव्हा, सातबारा निघत नाही तेव्हा, बँकेत पासबुक भरून मिळत नाही तेव्हा. आपण पिशवी उचलतो आणि घरी येतो. सर्व्हर म्हणजे लांब शहरातली, आपल्या हाताबाहेरची गोष्ट, असं आपण धरून चालतो.

पण आता हा सर्व्हर आपल्या दारात आलाय. काही प्रभागसंघांनी कार्यालयासाठी असं यंत्र घेतलंय, काही घ्यायच्या विचारात आहेत. त्यावर गटांची बचत, कर्ज, हप्ते, मसाला केंद्राची बिलं, सगळं ठेवायचं असतं. खरेदीच्या ठरावावर सही आपल्याच तायांची असते. गेल्या महिन्यात दोन ग्रामसंघांतल्या तायांनी मला विचारलं, “सही करायला सांगतात, पण ही वस्तू काय आणि तिच्याबद्दल विचारायचं तरी काय?” म्हणून आजचं बोलणं.

आधी वस्तू समजून घेऊ. आपल्या टेबलावरचा संगणक एका वेळी एका माणसाचं काम करतो आणि संध्याकाळी बंद होतो. सर्व्हर एकाच वेळी अनेकांचं काम करतो आणि बहुधा रात्रंदिवस चालू असतो. त्यामुळे त्याची बांधणी वेगळी असते. चांगल्या सर्व्हरला वीज घेणारे दोन पुरवठे असतात. एक जळला तर दुसरा भार उचलतो. हिशेब जिथं साठतो त्या डिस्क पुढून खणासारख्या ओढून काढता येतात. त्याची रॅम, म्हणजे काम करताना लागणारी स्मृती, ईसीसी जातीची असते. ती बारीक चूक स्वतः पकडून दुरुस्त करते. आकड्यांच्या कामात याला किंमत आहे.

मोठ्या कंपन्या काही वर्षं वापरून असे सर्व्हर विकतात आणि ते बाजारात स्वस्त मिळतात. घ्यायला हरकत नाही. पण तीन गोष्टी विचारा. वॉरंटी किती? याच मापाची डिस्क आणि पुरवठा पुन्हा मिळेल का? आणि वीज किती खातो? १५० वॅट खाणारं यंत्र चोवीस तासांत ३.६ युनिट आणि महिन्याला १०८ युनिट जाळतं. ते बिल दर महिन्याला संघ भरणार आहे. मोठ्या कार्यालयांच्या कपाटात बसणारे चपटे सर्व्हर आवाजही खूप करतात. आपल्या छोट्या कार्यालयाला उभा, टॉवर जातीचा सर्व्हर पुरतो.

आता तुम्हाला एक मोठा शब्द ऐकायला मिळेल, व्हर्च्युअलायझेशन. घाबरू नका. आपल्या घरातला मिसळणाचा डबा आठवा. बाहेरून डबा एक, आत सात वाट्या. हळद हळदीच्या वाटीत, तिखट तिखटाच्या. एका वाटीत पाणी गेलं तर ती वाटी धुऊन काढायची, बाकीच्या शाबूत. तसंच एका मोठ्या यंत्राचे सॉफ्टवेअरनं अनेक भाग करतात. प्रत्येक भाग स्वतःला स्वतंत्र संगणक समजतो. एका भागात गटांचा हिशेब, दुसऱ्यात दुकानाची बिलं, तिसऱ्यात मुलींना शिकायला जागा. शिकणाऱ्या मुलीनं तिच्या भागात काही बिघडवलं तरी हिशेबाला धक्का लागत नाही.

ही कल्पना जुनी आहे. १९७२ मध्ये आपल्याकडे दुष्काळ पडला होता, आपल्या आया-आज्या खडी फोडत होत्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेत आयबीएम कंपनीनं एका मोठ्या संगणकाचे असे भाग पाडणारं सॉफ्टवेअर जाहीर केलं. आज प्रॉक्समॉक्ससारखं सॉफ्टवेअर परवान्याचे पैसे न देता वापरता येतं. म्हणजे छोट्या संघालाही ते परवडतं.

पण डबा एकच आहे हे विसरू नका. तो हातातून पडला तर सातही वाट्या सांडतात. चार संगणकांचं काम एका यंत्रावर आणलं की खर्च वाचतो, आणि चौघांची जोखीमही एका जागी येते. ज्या घरात सगळे दागिने एकाच पेटीत, तिथं पेटीची काळजी जास्त घ्यावी लागते.

वाटण्या करताना काय बघायचं, ते आता संगणक सांभाळणाऱ्या मुलींसाठी सांगते. तायांनो, तुम्हीही ऐका, हे तुमच्या व्यवहारातलंच आहे.

प्रोसेसर म्हणजे गिरणी. दहा जणींची दळणं असली तरी नंबर लावून सगळ्यांचं होतं, गर्दी झाली तर थोडा वेळ लागतो इतकंच. म्हणून प्रोसेसर थोडा जास्त वाटला तरी निभतं. रॅम म्हणजे ओटा. जिनं परात मांडली तिची जागा अडली. ओट्यापेक्षा जास्त पराती मांडल्या तर सगळ्यांचं काम अडतं. म्हणून रॅम आहे तेवढीच वाटायची, आणि मूळ यंत्रासाठी आधी बाजूला काढायची. समजा ३२ जीबी रॅम आहे. ४ मूळ यंत्राला, १२ हिशेबाला, ६ बिलांना, ४ शिकण्याच्या भागाला, आणि ६ शिल्लक. शिल्लक ठेवायची सवय आपल्याला आहेच.

डिस्कच्या बाबतीत एक फसवी सोय असते. डिस्कवर जागा १,००० जीबी आणि पाच भागांना प्रत्येकी ३०० जीबी कबूल करता येते. सगळे एकदम भरणार नाहीत, या भरवशावर. म्हणजे गटाच्या पेटीत ४०,००० रुपये असताना पाच जणींना प्रत्येकी १०,००० चं कर्ज मंजूर करण्यासारखं. चौघींनी पैसे नेले आणि पाचवी आली की पेटी रिकामी. सर्व्हरमध्ये असं झालं की फक्त पाचवीचं काम थांबत नाही, सगळेच भाग अडकतात. कबूल करायचंच असेल तर उरलेली जागा दर आठवड्याला बघून वहीत लिहा, आणि पाचात चार हिस्से भरले की नवीन डिस्कचा विषय बैठकीत आणा.

आणि स्नॅपशॉट. सॉफ्टवेअर बदलण्याआधी त्या भागाची जशी आहे तशी स्थिती धरून ठेवता येते. बदल फसला तर मागे जाता येतं. फार उपयोगी सोय आहे. पण काम झालं की तो स्नॅपशॉट पुसायचा. विसरलेला स्नॅपशॉट महिनोन्‌महिने फुगत जातो आणि डिस्क भरून टाकतो. बदलाआधी घ्या, दोन-चार दिवस बघा, मग काढून टाका.

आता आपल्याकडची खरी अडचण, वीज. लाइट जाते-येते, दाब कमी-जास्त होतो. घरचा साधा इन्व्हर्टर लाइट गेल्यावर बॅटरीवर यायला क्षणभर घेतो. पंख्याला ते कळत नाही, पण संगणक तेवढ्यात बंद पडू शकतो. हिशेब लिहिताना बंद पडला तर नोंद अर्धवट राहते. म्हणून सर्व्हरला यूपीएस हवाच. यूपीएस काही दिवसभर चालवायला नसतो. सर्व्हर नीट बंद करायला वेळ मिळावा म्हणून तो असतो. यूपीएसपासून सर्व्हरला एक केबल जोडता येते. मग बॅटरी संपत आली की सर्व्हर आपण होऊन सगळे भाग ओळीनं बंद करतो. रात्री कार्यालयात कुणी नसतं, तेव्हा हीच केबल हिशेब वाचवते. केबल जोडल्यावर एकदा मुद्दाम मेन स्विच बंद करून बघा. आणि बॅटरी काही वर्षांत थकते, तिची तारीख यूपीएसवर चिकटवून ठेवा.

अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला दाब दोन-तीन व्होल्टांच्या आत आहे ना, हे त्याला मीटर लावून दाखवायला सांगा. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत सर्व्हर ठेवू नका. त्याच्या तोंडाशी येणारी हवा १८ ते २७ अंशांची असावी, असं या क्षेत्रातले अभियंते सांगतात. आपल्याकडे मे महिन्यात ते जमणं अवघड आहे. निदान उत्तरेकडची खोली, भिंतीपासून हातभर अंतर, खेळती हवा आणि पश्चिमेच्या खिडकीला पडदा, एवढं तर करता येतं. पिठाच्या गिरणीशेजारची, मसाला कांडपाशेजारची जागा नको. ती धूळ पंख्यात बसते. आणि उंदीर केबल कुरतडतात, म्हणून सर्व्हरच्या खोलीत धान्य ठेवू नका.

आता डिस्क. डिस्क कधीतरी जाणारच. चांगल्या कंपनीची असली तरी जाणार. तिची स्वतःची तब्येत सांगणारी एक नोंद असते, तिला स्मार्ट म्हणतात. त्यात खराब झालेल्या जागांचा आकडा वाढत चालला की डिस्क बदलायची, मरायची वाट बघायची नाही. सर्व्हरमध्ये सहसा दोन डिस्क जोडीनं लावतात. एकीवर लिहिलेलं तसंच्या तसं दुसरीवर उमटतं. एक गेली तरी काम चालू राहतं. या पद्धतीला रेड म्हणतात. शक्यतो दोन्ही डिस्क एकाच दिवशी, एकाच खोक्यातून घेऊ नका. सारख्या वयाच्या डिस्क एकापाठोपाठ जाऊ शकतात.

इथंच मोठा गैरसमज होतो. विक्रेता सांगतो, “ताई, दोन डिस्क आहेत, तुमचा डेटा सुरक्षित.” पावती पुस्तकातला कार्बन कागद आठवा. वर ५०० च्या ऐवजी ५,००० लिहिलं तर खालच्या पावतीवरही ५,००० च उमटतं. आणि पुस्तक पाण्यात पडलं तर वरची पावती भिजते, खालचीही भिजते. जोडीची डिस्क म्हणजे कार्बन. चुकून पुसलं तर दोन्हीकडून पुसलं जातं. चोरी झाली, आग लागली, वीज पडली तर दोन्ही जातात. स्नॅपशॉटही त्याच डिस्कवर असतो, तोही जातो. ही काम न थांबण्याची सोय आहे. हिशेब जपण्याची सोय वेगळी करावी लागते, तिला बॅकअप म्हणतात.

हे मी इतकं का सांगते? आमच्या भागातल्या एका संघाच्या कार्यालयात डिस्क गेली आणि जवळजवळ तीन महिन्यांच्या नोंदी गेल्या. जुनी प्रत भरली, त्यात एका ताईचे तीन हप्ते दिसेनात. ती विधवा, मजुरी करून हप्ता भरणारी. बैठकीत तिला सांगण्यात आलं, “तुमचे हप्ते थकले आहेत.” ती रडली नाही की भांडली नाही. घरी गेली, पत्र्याच्या ट्रंकेतून पासबुक आणलं आणि सगळ्यांसमोर ठेवलं. तिन्ही हप्ते, तारखेसह, सचिवाच्या सहीसह. ती सुटली. पण जिचं पासबुक भरून घ्यायचं राहिलं असेल, तिनं काय दाखवायचं? मैत्रिणींनो, यंत्र बंद पडतं तेव्हा शंका यंत्रावर येत नाही, बाईच्या शब्दावर येते. म्हणून संगणक आला तरी पासबुक बंद करू नका. आपल्या पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र आहे, हिशेबाच्या वह्या अद्ययावत ठेवणं. ते सर्व्हरलाही लागू आहे.

हे फक्त आपल्यासारख्या छोट्या ठिकाणी घडतं असं नाही. दक्षिण कोरियात देजॉन शहरात सरकारचं मोठं माहिती केंद्र आहे. २६ सप्टेंबर २०२५ ला तिथं यूपीएसच्या बॅटऱ्या हलवताना आग लागली. सरकारच्या ७०९ यंत्रणा बंद पडल्या. सरकारी कर्मचारी आपल्या कामाच्या फायली ज्या साठ्यात ठेवत, तो ८५८ टेराबाइटचा साठा त्या आगीत गेला. साठा फार मोठा म्हणून त्याची बाहेर प्रतच ठेवलेली नव्हती. इतका पुढारलेला देश, पण प्रत नव्हती ती नव्हती. आपल्यासाठी यात दोन धडे आहेत. जमेल तिथं बॅटऱ्या सर्व्हरच्या अंगाला लावून ठेवू नका, आणि एक प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवा.

उलट उदाहरण आपल्याच देशातलं. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्स रुग्णालयाच्या सर्व्हरवर हल्ला झाला. कुणीतरी बाहेरून शिरून फायलींना कुलूप घातलं. कितीतरी दिवस केसपेपर, तपासण्या, सगळं हातानं लिहून चाललं. पण रुग्णांच्या नोंदींची प्रत दुसऱ्या एका सर्व्हरवर होती आणि तिथपर्यंत हल्ला पोचला नव्हता. त्या प्रतीवरून नोंदी परत उभ्या राहिल्या. ३१ जुलै २०२४ ला अशाच हल्ल्यानं सी-एज नावाच्या कंपनीचं काम अडलं. ती सहकारी आणि ग्रामीण बँकांना संगणक सेवा देते, त्यामुळे सुमारे ३०० छोट्या बँकांचे ऑनलाइन व्यवहार थांबले होते. या बँका गावागावातल्या आहेत. म्हणजे छोटे आहोत म्हणून आपल्याला कोण त्रास देणार, असं समजू नका.

मग प्रत ठेवायची कशी? जगभर एक सोपा नियम पाळतात, ३-२-१. हिशेब तीन ठिकाणी असावा, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक प्रत इमारतीच्या बाहेर. आपल्यासाठी म्हणजे असं. एक, चालू हिशेब सर्व्हरवर. दोन, रोज रात्री दुसऱ्या एका संगणकावर किंवा इंटरनेटवरच्या साठ्यात आपोआप जाणारी प्रत. तीन, दर आठवड्याला बाहेरच्या डिस्कवर घेतलेली प्रत, जी दुसऱ्या गावातल्या पदाधिकाऱ्याच्या कपाटात राहील. ही डिस्क काम झालं की सर्व्हरपासून काढायची. जोडलेली राहिली तर हल्लेखोर तिलाही कुलूप घालतो. आणि अशा दोन डिस्क ठेवा, आलटून पालटून. डिस्कवरची माहिती कुलूपबंद करून ठेवा, कारण त्यात आपल्या बायकांचे आधार आणि खाते क्रमांक असतात.

पण प्रत घेतली म्हणजे संपलं नाही. गिटलॅब नावाची संगणकाच्या क्षेत्रातली नामांकित कंपनी आहे. ३१ जानेवारी २०१७ ला रात्री उशिरा काम करताना त्यांच्या एका कर्मचाऱ्यानं चुकून खऱ्या सर्व्हरवरची माहिती पुसली. सुमारे ३०० जीबी. प्रत घेण्याचे पाच मार्ग त्यांच्याकडे होते. बघायला गेले तर एकही धड चालत नव्हता. नेहमीची प्रत कितीतरी दिवस निघतच नव्हती, आणि ती निघत नाही असं सांगणारे ईमेलही कुणापर्यंत पोचत नव्हते. सहा तासांपूर्वी एकानं दुसऱ्या कामासाठी स्नॅपशॉट घेऊन वेगळ्या सर्व्हरवर नेला होता, त्यावर ते तरले. तरी सहा तासांचं काम गेलंच. चांगली गोष्ट ही की त्यांनी हे सगळं जगाला उघडपणे सांगितलं.

लोणचं मुरलंय का हे बरणीकडे बघून कळत नाही, झाकण काढून चाखावं लागतं. तसंच बॅकअपचं. तो परत भरून बघितल्याशिवाय तो आहे असं धरायचं नाही. इथं व्हर्च्युअलायझेशन फार कामाला येतं. मुली शिकतात त्या भागाशेजारी एक रिकामा भाग तयार करायचा, तो जाळ्यापासून तोडायचा, त्यात जुनी प्रत भरायची आणि उघडायची. चालू हिशेबाला हात लागत नाही. मग कुठल्याही एका गटाची पानं काढायची आणि पाच जणींच्या पासबुकांशी ताडायची. जुळलं की वहीत लिहायचं, “अमुक तारखेची प्रत, अमुक वेळात उघडली, पाच पासबुकं जुळली.” किती वेळ लागला हेही लिहा. उद्या खरंच सर्व्हर पडला तर गटांना “दोन दिवसांनी या” सांगायचं की “दुपारी या”, हे त्यावरून ठरतं.

शेवटची गोष्ट माणसांची. आपल्या गटाची पेटी एकीकडे आणि किल्ली दुसरीकडे असते. तसंच पासवर्डचं ठेवा. आपल्या कार्यालयातली संगणकावाली मुलगी आयटीआय करून आलेली, हुशार असते. उद्या तिचं लग्न होतं, ती सासरी जाते, आणि सगळे पासवर्ड तिच्या डोक्यातून तिच्याबरोबर जातात. यात तिचा दोष नाही, लिहून घ्यायला तिला कुणी सांगितलेलं नसतं. एक जाड वही घाला. कुठला भाग कशासाठी, त्याला रॅम किती, प्रत कधी निघते, कुठल्या दुरुस्तीवाल्याला फोन करायचा, सगळं त्यात. पासवर्ड मात्र वेगळ्या बंद पाकिटात, पाकिटावर दोघींच्या सह्या, आणि पाकीट कोषाध्यक्षांकडे. पाकीट फोडलं की पासवर्ड बदलायचा आणि नवं पाकीट करायचं. आणि त्या मुलीसोबत दुसरी एक मुलगी तयार करा. एकटीवर भार टाकून तिला सुट्टीच्या दिवशी फोन करत बसू नका. तिच्या कामाचं मानधन ठरावात लिहा. यंत्रासाठी लाखभर देतो आणि सांभाळणारीला चहावर राबवतो, असं होऊ नये.

तायांनो, इतकं सगळं लक्षात राहणार नाही. म्हणून तीनच प्रश्न पाठ करा. आपला हिशेब कुठं आहे? त्याची दुसरी प्रत कुठं आहे? आणि ती प्रत शेवटी कधी उघडून बघितली? तिसऱ्या प्रश्नाला तारीख सांगता आली नाही, तर सही करण्याआधी थांबा.

पुढच्या मासिक बैठकीत एक ठराव मांडा. मी सावकाश सांगते, लिहून घ्या. “कार्यालयातील संगणकावरील हिशेबाची प्रत दर आठवड्याला काढून कार्यालयाबाहेर ठेवावी. दर तीन महिन्यांनी ती प्रत उघडून किमान पाच सदस्यांच्या पासबुकांशी ताडून पाहावी आणि निकाल इतिवृत्तात नोंदवावा. सर्व सदस्यांची पासबुके प्रत्येक बैठकीत भरून द्यावीत.” सूचक आणि अनुमोदक म्हणून कुणाचं नाव घालायचं ते तुम्ही ठरवा.

तुमच्या कार्यालयात हे कसं चाललंय, काय अडतंय, ते आपल्या केंद्रावर पत्रानं किंवा फोननं कळवा. पुढच्या भागात बोलू मोबाइलवर गटाच्या नोंदी भरताना घ्यायच्या काळजीबद्दल.